रेघेआतले मांजर

आमच्याकडे जूनच्या मध्यावर बालवाड्या सुरू होतात आणि जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मांजर येते. येते म्हणजे कागदावरून येते. ‘पाळीव प्राणी’ हा विषय तेव्हा लागतो. एखाद्या बाई मोबाइलवरचे चित्र दाखवतात, नाहीतर घरच्या प्रिंटरवर काढलेला कागद पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “ताई, याच्या चाळीस द्या. मिशा नीट येऊ द्या हं, मागच्या वेळी गेल्या होत्या.”

रत्नागिरीत माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. बारावीनंतर मी कॉलेजात गेले नाही. पण दुपारी दीड ते चार दुकानात फारसे कुणी फिरकत नाही आणि त्या वेळात माणूस बरेच वाचू शकतो. दुकानात आलेल्या रंगवायच्या चित्रांची एकेक प्रत मी गेली अनेक वर्षे एका पत्र्याच्या पेटीत ठेवत आले आहे. घरचे त्याला रद्दी म्हणतात. त्या पेटीत हत्ती आहेत, मोर आहेत, गणपती तर भरपूर आहेत. पण सर्वांत जाड गठ्ठा मांजरांचा. मुलांना मांजर आवडते हे एक कारण झाले. दुसरे असे की मांजर काढायला सोपे. दोन गोल, दोन त्रिकोण, एक शेपूट, काम झाले.

हा गठ्ठा टेबलावर पसरला की एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. बहुतेक मांजरे एकाच घरातली वाटतात. तोंड समोर, डोके धडापेक्षा मोठे, ओठांवर माणसासारखे हसू, मिशा दोन्ही बाजूंना तीन-तीन. मादी आहे हे कळावे म्हणून पापण्यांना केस आणि गळ्यात फीत. पायाशी लोकरीचा गुंडा. आता कोकणात लोकरीचा गुंडा किती घरांत असतो? आमच्या दमट हवेत स्वेटरच कपाटातून वर्षाकाठी एकदा निघतो. ऑक्टोबरात तर शिंगासारखी टोकदार टोपी घातलेले आणि भोपळ्यावर बसलेले मांजर येते. ते अमेरिकेतल्या हॅलोविनचे. इथे कंदील-पणत्यांची तयारी चाललेली असताना पोरे भोपळ्यात केशरी रंग भरत असतात. त्यात काही पाप नाही. पण कौलांवरून चालणारे, कोळणीच्या टोपलीमागे घुटमळणारे, शिंकाळ्याकडे मान वर करून बसलेले मांजर माझ्या पेटीत जवळजवळ नाही.

मला पडलेला प्रश्न मात्र याच्या थोडा अलीकडचा आहे. चित्राची रेघ एकाने काढायची आणि रंग दुसऱ्याने भरायचा, ही वाटणी आली कुठून? शिक्षकांना विचारले तर ते सांगतात, मुलांच्या बोटांना वळण लागावे म्हणून. हे कारण खरे असले तरी नंतर चिकटलेले आहे. इतिहास पाहू लागले तेव्हा दिसले की ही वाटणी छापखान्याने आणि पैशाने केली आहे.

छापखान्याला काळी रेघ स्वस्त पडते. लाकडाचा किंवा तांब्याचा ठसा एकदा कोरला की हजारो प्रती निघतात. रंग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच भागात हाताने भरावा लागे, म्हणून तो महाग. लंडनमध्ये मुलांच्या खेळण्यातल्या कागदी नाटकांचे तक्ते विकायला असत. साधा तक्ता एक पेनी आणि रंगवलेला दोन पेन्स. ही जोडी इंग्रजीत इतकी रुळली की रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८४ मध्ये त्यावर निबंध लिहिला तो याच नावाने. ज्याच्याकडे दुसरी पेनी नाही, ते पोर साधा तक्ता घेऊन घरी रंगवत बसे. रंगवायच्या चित्राचा पहिला ग्राहक मला तरी हाच पोरगा वाटतो. त्याच्या हाताला वळण लागावे म्हणून कुणी काही केले नव्हते.

आणि रंगवलेल्या प्रती कोण रंगवत असे? पुष्कळदा मुलेच. टेबलाभोवती पोरे बसायची, प्रत्येकाकडे एकच रंग. पहिल्याने सगळीकडे लाल लावायचा आणि कागद पुढे सरकवायचा, दुसऱ्याने निळा, तिसऱ्याने पिवळा. एका प्रकारच्या मुलांसाठी दुसऱ्या प्रकारची मुले मजुरीवर पुस्तके रंगवत होती. आज आपण पन्नास रुपयांच्या खडूंची पेटी घेऊन मुलाला जे करायला बसवतो, ते दोनशे वर्षांपूर्वी पोट भरण्याचे काम होते. या दोन टोकांमध्ये काय घडले, हे समजून घ्यायला एक मांजरांचेच पुस्तक उपयोगी पडते.

‘डेम विगिन्स ऑफ ली’ हे ते पुस्तक. ली नावाच्या गावातली एक म्हातारी आणि तिची सात गुणी मांजरे यांची पद्यकथा. ते १८२३ मध्ये लंडनला निघाले तेव्हा त्यातली लाकूडठशांची चित्रे हाताने रंगवलेली होती. पुढे १८८५ मध्ये जॉन रस्किनने, म्हणजे कलासमीक्षक म्हणून ज्याचा तेव्हा दबदबा होता आणि ज्याच्या ‘अन् टू धिस लास्ट’चा गांधीजींवर पुढे एवढा परिणाम झाला त्यानेच, हे पुस्तक पुन्हा काढले. लहानपणी आवडलेली ही पद्ये. त्यात त्याने स्वतःची काही कडवी घातली आणि त्या कडव्यांसाठी केट ग्रीनअवेकडून चित्रे काढून घेतली. जुनी चित्रे त्याने नुसत्या रेघांत छापली, रंगाविना. हुशार मुले ती रंगवतील असा त्याचा हिशेब होता. साठ-बासष्ट वर्षांत त्याच मांजरांचा रंग मजुराच्या हातातून वाचकाच्या हातात आला.

मधल्या काळात रंगीत छपाई सुधारली होती. एडमंड इव्हान्ससारखे छपाईकार अनेक ठसे एकावर एक चढवून मुलांची रंगीत पुस्तके स्वस्तात काढू लागले होते. रंग स्वस्त झाला, सगळीकडे झाला, तेव्हा कुठे रंग नसणे ही गंमत वाटू लागली. १८७९ मध्ये लंडनच्या कॅसल कंपनीने ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ काढले. त्यातल्या रेघाही ग्रीनअवेच्याच. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन बंधूंनी तसेच पुस्तक अमेरिकेत आणले. रंगवण्याच्या पुस्तकाचे जनक म्हणून पुष्कळ ठिकाणी या बंधूंचेच नाव दिलेले असते. दुसऱ्याची चित्रे परवानगीवाचून छापण्यात तेव्हाचे अमेरिकन प्रकाशक वाकबगार होते, हेही सांगायला हवे. माझ्या पेटीतल्या एकाही मांजरावर चित्रकाराचे नाव नाही. ही परंपरा तशी जुनीच आहे.

मग १९०३ मध्ये अमेरिकेत बिनी अँड स्मिथ कंपनीने क्रेयोला नावाने मेणखडूंची आठ रंगांची पेटी पाच सेंटला बाजारात आणली. ब्रश नको, पाणी नको, सांडणे नाही. चारच वर्षांनी, १९०७ मध्ये, रिचर्ड आउटकॉल्ट या व्यंगचित्रकाराच्या बस्टर ब्राउन या पात्राचे रंगवायचे पुस्तक निघाले आणि चित्रकथेतली पात्रे या धंद्यात शिरली. तिथून आजच्या कार्टूनच्या वह्यांपर्यंतचा रस्ता सरळ आहे, त्यावर फार रेंगाळत नाही. आपल्याकडे हे साहित्य घरोघर पोचवण्यात कॅम्लिनचा वाटा मोठा. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केली, रंग नंतर आले. आणि उंटाचे चित्र असलेली रंगांची डबी ज्यांच्या दप्तरात नव्हती असे माझ्या वयाचे लोक मला महाराष्ट्रात फारसे भेटलेले नाहीत.

आपल्या देशातही रेघ आणि रंग यांची वाटणी होती आणि तिथेही मांजर भेटते. कोलकात्याच्या कालीघाट देवळाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात पटुआ चित्रकार यात्रेकरूंसाठी कागदावर झटपट चित्रे काढत. कुटुंबेच्या कुटुंबे या कामात असत. एकाने रेघ मारावी, बाकीच्यांनी रंग भरावेत. या चित्रांतले सर्वांत गाजलेले मांजर तोंडात कोळंबी किंवा मासा धरून बसलेले असते, आणि कित्येक चित्रांत त्याच्या कपाळावर वैष्णवाचा टिळा असतो. भोंदू साधूवरची ही टीका. तो विषय तर फारच जुना. महाबलीपुरमला सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात दोन पायांवर उभे राहून, हात वर करून तप करणारे मांजर आहे आणि त्याच्या पायाशी निर्धास्त उंदीर आहेत. कालीघाटाचे मांजर मात्र बघण्यासारखे आहे ते त्याच्या रेघेसाठी. पाठीची कमान एका झोकात आलेली, अंगावर पट्टे, आणि डोळ्यांत असा भाव की हे माझ्या ताटातलेच उचलून आले असावे. कोलकात्यातच बटतला भागात लाकडाच्या ठशांची चित्रे छापून ती हाताने रंगवत. मग दगडी छापाची रंगीत चित्रे आली आणि हाताचा रंग मागे पडला. आपल्याकडे पुण्याची चित्रशाळा १८७८ ची आणि मुंबईतला रविवर्म्यांचा छापखाना १८९४ चा. तयार रंगाचे देव घरोघर भिंतींवर चढले.

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की रेघ पवित्र मानण्याचे कारण नाही. ती छापखान्याच्या सोयीतून आली. पण एकदा ती शाळेत शिरल्यावर तिचा नियम झाला. “रेघेबाहेर जायचे नाही.” हे वाक्य मराठी मुलाच्या कानावर ‘खोटे बोलू नये’च्या आधी पडत असावे.

या नियमावर सर्वांत कडक हल्ला चढवला तो व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी. हे मूळचे ऑस्ट्रियाचे. नाझींमुळे देश सोडावा लागला आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ते कलाशिक्षणाचे प्राध्यापक झाले. त्यांचे ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ १९४७ मध्ये आले. त्यात तीन चित्रांचे एक उदाहरण आहे. एका मुलाने आधी स्वतःच्या मनाने पक्षी काढला. मग त्याला वहीतला छापील पक्षी रंगवायला दिला. त्यानंतर पुन्हा पक्षी काढायला सांगितले, तर त्याने आपला पक्षी सोडून वहीतल्यासारखा पक्षी काढला. लोवेनफेल्ड यांचे म्हणणे असे की अशा वहीतून मूल एकच शिकते: मला काढता येत नाही, मोठ्यांना येते.

हे वाचल्यावर काही दिवस मला झेरॉक्सचे बटण दाबताना अवघडल्यासारखे होत असे. पण मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि याचे कारण धंद्याचे नाही. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीतही आकारात रंग भरणे आहेच. धातूच्या चौकटीतला गोल किंवा त्रिकोण मूल पेन्सिलीने गिरवते, मग रंगीत पेन्सिलीच्या बारीक समांतर रेघांनी तो भरते. लिहिण्यापूर्वीची ही हाताची तयारी. ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डीचे ग्रामबालशिक्षण, १९५७ मध्ये कोसबाड. बोर्डीला गेल्यावर महागडी साधने परवडेनात तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, पाने, बिया अशा आसपासच्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मॉन्टेसरींच्या चौकटीत बाहेरची रेघसुद्धा मूल स्वतः मारते. चौकट फक्त हाताला धरून नेते. आणि तो असतो गोल किंवा त्रिकोण. गोल सगळ्यांचा सारखाच असतो. मांजर सारखे नसते.

लोवेनफेल्ड यांच्या पक्ष्याला जे झाले ते मांजरालाही होते, हे मी पाहते. सुट्टीत दुकानात बसलेल्या पोरांना मी पाठकोरे कागद देते. अगदी लहान, तीन-चार वर्षांची मुले मांजर काढतात ते ओळखू येत नाही. पण त्यात काहीतरी असते. एकाने नुसती लांबच लांब शेपूट काढली होती आणि मांजर दाराआड गेले म्हणून सांगितले. एकीने मांजराच्या पोटात उंदीर काढला, शेपटीसकट. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ मध्ये मुलांच्या चित्रांवर पुस्तक लिहिले, त्यात अशा आरपार दिसणाऱ्या चित्रांची चर्चा आहे. मूल जे दिसते ते काढत नाही, जे ठाऊक आहे ते काढते. उंदीर खाल्ला आहे हे ठाऊक आहे, मग तो पोटात दिसणारच. तीच मुले बालवाडीचे वर्ष संपता संपता दोन गोल, दोन त्रिकोण आणि सहा मिशांवर येतात. खऱ्या मांजराला दर बाजूला साधारण बाराएक मिशा असतात, चार ओळींत. तीन हा आकडा कागदाने शिकवलेला आहे.

रंगाची गोष्ट निराळी. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सव मंडळाच्या रंगभरण स्पर्धेला मी परीक्षक होते. आम्ही तिघे होतो. चित्र मांजराचे होते. पहिली-दुसरीच्या गटातल्या एका मुलीने मांजर असे रंगवले होते की अर्धे तोंड काळे, अर्धे पिवळे, पाठीवर तपकिरी आणि केशरी डाग, पोट कोरेच सोडलेले. आणि डाग पायाच्या रेघेवरून तसेच पुढे गेलेले. इतर दोघांनी ‘अस्वच्छ’ म्हणून गुण कापले. पहिला नंबर एका सपाट गुलाबी मांजराला मिळाला. रंग कुठेही बाहेर नव्हता, हे खरे. मी बरीच हुज्जत घातली, पण दोघांपुढे एक मत चालत नाही. त्या दिवशी मला जे नीट मांडता आले नाही, ते इथे मांडते.

त्या मुलीचे मांजर अचूक होते. तिरंगी भाटी तुम्ही पाहिली असेल. कोकणात गल्लीत एक तरी असते. केशरी रंग ठरवणारी गोष्ट मांजरात एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याला एक्स एकच, म्हणून तो एक तर केशरी होतो, नाहीतर होत नाही. भाटीला एक्स दोन. एकावर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असू शकतो. मादीच्या प्रत्येक पेशीत या दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद पडतो, आणि कोणता पडेल याला नियम नाही. हे १९६१ मध्ये मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी उंदरांवरच्या अभ्यासातून मांडले. जिथे काळा बंद पडला तिथल्या पेशींची पुढची पिढी केशरी, जिथे केशरी बंद पडला तिथली काळी. म्हणून तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते. बोका क्वचित, आणि तोही गुणसूत्रांत जादा एक्स आलेला. केशरी रंग नेमका कशाने येतो, हे मात्र अगदी अलीकडे कळले. एक्सवरच्या एका जनुकाजवळचा डीएनएचा छोटासा तुकडा गळालेला असतो, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. आणखी एक गंमत अशी की केशरी मांजर नेहमी पट्टेदारच असते, पट्टे कितीही फिकट असोत. तेव्हा सपाट केशरी भरलेले मांजर, ज्याला आपण ‘बरोबर’ म्हणतो, ते निसर्गात नाही.

आणि झेरॉक्सवाल्यांनी तर ‘सीसी’ नावाच्या मांजराचा फोटो दुकानात लावायला हवा. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जगातले पहिले क्लोन केलेले मांजर जन्माला आले. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी. तिची मूळ प्रत होती रेनबो नावाची तिरंगी भाटी. जनुके तीच, पण सीसी निघाली करडी पट्टेदार आणि पांढरी. केशरी रंग अंगावर कुठेच नाही. ज्या पेशीपासून ती घडवली, तिच्यात केशरीवाला एक्स आधीच बंद पडलेला होता. शिवाय पांढरे डाग कुठे पडणार हे तर गर्भात रंगाच्या पेशी कशा सरकतात त्यावर ठरते. म्हणजे प्रयोगशाळेतसुद्धा मांजराचा आकार उतरवता आला, रंग उतरला नाही. या बाबतीत बालवाडीचा कागद निसर्गाच्या फार जवळ आहे. आकार ठरलेला, रंग ज्याचा त्याचा. फक्त डागांना रेघेची पर्वा नसते. काळा डाग कानावरून डोळ्यावर आणि डोळ्यावरून नाकावर जातो, मध्ये कुठे थांबत नाही.

आता थोडे माझ्या यंत्राविषयी. शिक्षकांना आणि आईबापांना याचा उपयोग होईल.

झेरॉक्सच्या प्रतीवरची प्रत काढत गेले की आधी बारीक रेघ जाते. मिशा गळतात त्या म्हणूनच. पाचव्या-सहाव्या पिढीला डोळ्यातला पांढरा ठिपका भरून जातो आणि मांजर आंधळे दिसू लागते. मूळ कागद जपून ठेवावा आणि प्रत त्याच्यावरूनच काढावी. झेरॉक्सची काळी पूड म्हणजे बारीक केलेले प्लॅस्टिक आणि काजळी. गरम रुळाखालून जाताना ती वितळून कागदाला चिकटते. त्यामुळे तिच्यावर पाण्याचे रंग फासले तरी रेघ फुटत नाही. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेल्या चित्राची रेघ मात्र पुष्कळदा पाण्याने पसरते. तिथे खडू किंवा पेन्सिलीच द्याव्यात. आपला नेहमीचा कागद सत्तर-पंचाहत्तर जीएसएमचा असतो, तो पाण्याच्या रंगाने सुरकुततो. पाण्याचे रंग द्यायचे असतील तर चित्रकलेचा जाड कागद ए-फोर मापात कापून आणावा. बाजूच्या ट्रेमधून तो बहुतेक मशीनमध्ये जातो. पैसे थोडे जास्त पडतात, पण पोराला फाटक्या मांजरापेक्षा बरे.

गेल्या दोन-तीन वर्षांत यंत्राने बनवलेली चित्रे येऊ लागली आहेत. ती लांबून देखणी दिसतात. जवळून पाहिले तर शेपूट पाठीतूनच फुटलेली, नाहीतर मागच्या पायाला पंजा नाही. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, मुलांच्या येते. “याचा पाय कुठाय?” असे एका पोराने काउंटरवरच विचारले होते. बाईंनी कागद पुन्हा पाहिला आणि दुसरे चित्र शोधायला बसल्या.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता एक उद्योग सुरू केला. शिक्षकांनी होकार दिला तर मी रेघ फिकट काढून देते. गडद-फिकटचे बटण दोन-तीन घरे मागे घेतले की काळी रेघ करडी होते, दिसते न दिसते अशी. तिच्यावरून मूल स्वतःची रेघ मारू शकते, किंवा तिला न जुमानता डाग पुढे नेऊ शकते. दुसरा प्रकार अर्ध्या मांजराचा. चित्राच्या निम्म्या भागावर कोरा कागद ठेवून प्रत काढायची. डोके छापलेले, धड मुलाने काढायचे. यात एका वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस धडे काढली. काही धडांना सहा पाय होते, कारण मांजर पळत होते.

तिसरा प्रकार आपल्या अंगणातला. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके दिलेले असतात, रेघ आपली असते, रंग त्यानंतर. सात ठिपके सात ओळी घालून दिल्या तरी दोन बहिणींची रांगोळी सारखी होत नाही. मी ए-फोर कागदावर फिकट ठिपक्यांची जाळी छापते आणि कोपऱ्यात एकच मांजराचा कान. एवढ्यावर मुले कुठल्या कुठे जातात. एका बाईंनी तक्रार केली की यातली निम्मी मांजरे ओळखू येत नाहीत, पालक विचारतात हे काय आहे. मी म्हटले, मुलाला विचारायला सांगा. त्यांना ते पटले नाही. त्यांनी त्या वर्षी नेहमीचेच फीतवाले मांजर घेतले, आणि मी ते काढून दिले, मिशा सांभाळून.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एवढे सांगते. येत्या सुट्टीत छापील चित्र देण्याआधी मुलाला एकदा कोऱ्या कागदावर मांजर काढू द्या आणि तो कागद तारीख घालून ठेवा. मग रंगवायचे चित्र द्या. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा कोरा कागद द्या. शक्य असेल तर त्या मधल्या दिवसांत खरे मांजर जवळून दाखवा. उन्हात त्याची बाहुली उभ्या फटीसारखी कशी होते आणि संध्याकाळी कशी गोल पसरते ते बघायला सांगा. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. लोवेनफेल्ड बरोबर होते की नाही हे तुमच्याच घरात कळेल. माझ्या पेटीत अशा तिहेरी कागदांचे सध्या एक वेगळे पाकीट झाले आहे. त्यात दोन्ही प्रकार आहेत; आणि ज्या मुलांनी मधल्या काळात मांजर कुरवाळले होते, त्यांच्या तिसऱ्या कागदावर मिशा तीनपेक्षा जास्त आहेत.